भाऊजींना कुणी विचारलं का?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘आमच्यानंतर काय?’ या प्रश्नावर बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांची मनोगतं वाचली. शेजारी गावाबाहेरच्या माळावर होणाऱ्या मोठ्या निवासी संकुलाचं चित्र होतं, आणि अशी संकुलं जिल्ह्याजिल्ह्यात व्हावीत अशी मागणी. पालकांची काळजी मला परकी नाही, मीही तीच उशाला घेऊन झोपते. पण ज्यांच्याविषयी पानभर लिहिलं होतं त्यांच्यातल्या एकाचंही वाक्य त्या पानावर नव्हतं. म्हणून हे पत्र.

माझे दीर ४९ वर्षांचे आहेत. त्यांना डाऊन सिंड्रोम आहे. १९९३ साली मी लग्न होऊन मिरजेत आले तेव्हा ते १७ वर्षांचे होते. रीतीप्रमाणे मी ‘भाऊजी, जेवायला चला’ म्हटलं, तर ओसरीवर बसलेली सगळी हसली. सासूबाई म्हणाल्या, ‘त्याला कसलं भाऊजी? नाव घेऊन हाक मार, लेकरूच आहे ते.’ माझी जीभ वळेना. आठवड्याभरात भाऊजी मला ‘वैनी, तुम्ही बसा’ म्हणायला लागले. तोवर त्यांना घरात कुणी ‘अहो’ म्हटलंच नव्हतं. कागदावर ‘मतिमंद’ जाऊन ‘बौद्धिक दिव्यांग’ आलं, पण गल्लीतलं ‘अरे-तुरे’ काही हललं नाही. कालची पोरं पन्नाशीला आलेल्या माणसाचा गाल ओढतात.

भाऊजी आठवड्याचे पाच दिवस तंतुवाद्यांच्या एका कारखान्यात जातात. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे सतार-तंबोऱ्यासाठी तयार होतात, त्यांना पॉलिश पेपर मारायचं काम त्यांच्याकडे आहे. हात सावकाश चालतो, पण हाताला खडबडीत लागलं तर ते भोपळा पुढे देत नाहीत, मालक ओरडले तरी नाही. शनिवारी पगार घेतात आणि त्यातला चहाचा हिशोब स्वतः ठेवतात. हिशोब म्हणजे भिंतीवर खडूच्या रेघा. टपरीवाल्याशी त्यावरून भांडणंही झाली आहेत, आणि एकदा रेघा बरोबर निघाल्या.

दर मंगळवारी ते एकटे बसने सांगलीच्या गणपतीला जातात. हे एका दिवसात झालं नाही. आठ महिने माझे यजमान त्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसून जात होते, ओळख न दाखवता. एकटे जायला लागल्यावर तिसऱ्याच महिन्यात भाऊजी चुकीच्या गाडीत बसून जयसिंगपूरला पोचले. खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून तिथल्या एका फळवाल्याने फोन केला. त्या रात्री आमच्या घरात मोठं भांडण झालं. सासूबाईंनी रडून बस बंद करायला लावली. पुढचा मंगळवार भाऊजी दारात चप्पल घालून बसून राहिले, जेवले नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारी आम्ही सोडलं. चुकीच्या गाडीत मीही बसलेय, माझी बस कुणी बंद केली नव्हती.

सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या मागे सासूबाईंना निवृत्तिवेतन मिळत होतं. गेल्या वर्षी त्याही गेल्या. दिव्यांग मुलाला हे कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं, म्हणून आम्ही धावाधाव सुरू केली. एका बँकेत भाऊजी हातात पेन घेऊन उभे असताना काऊंटरवरच्या गृहस्थांनी मला विचारलं, ‘याला सही येते का?’ दुसऱ्या एका कार्यालयात सांगितलं, आधी पालकत्वाचा, म्हणजे त्यांच्यासाठी कायदेशीर पालक नेमल्याचा, दाखला आणा. अर्ज भरताना, कोणकोणत्या बाबींसाठी पालक हवा, या रकान्यापाशी मी थांबले. समोरचे लिपिक म्हणाले, ‘सगळ्या बाबी लिहा की. पुन्हा पुन्हा कोण येणार?’

मी कायद्याची पदवीधर नाही, बारावीनंतर शिवणकाम केलं. पण घरी येऊन भाचीकडून कायदा उघडून घेतला. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालक नेमण्याचा अधिकार त्यात स्थानिक समितीला आहे. पण त्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटलंय, की या माणसाला पालकाची गरज आहे का आणि असली तर कशासाठी, हे समितीने आधी तपासायचं. म्हणजे ‘सगळ्या बाबी’ हा सोयीचा शॉर्टकट आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम तर पुढे गेला. त्याच्या कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मानायची. याच अधिनियमाच्या कलम १४ मधला मर्यादित पालक म्हणजे पालक आणि ती व्यक्ती, दोघांनी मिळून, विश्वासाने, ठरावीक निर्णयापुरतं आणि ठरावीक मुदतीपुरतं ठरवायचं, आणि तेही त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. आणि कलम ५ म्हणतं, दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येणार नाही.

याच अधिनियमातला एक मुद्दा वाचून मात्र मी गप्प झाले. आधार देणाऱ्याचा आणि दिव्यांग व्यक्तीचा मालमत्तेत हितसंबंध आडवा येत असेल, तर आधार देणाऱ्याने त्या व्यवहारापासून दूर राहायचं. सासूबाईंच्या तेराव्याला नात्यातल्या दोघा-तिघांनी यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘त्याच्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र करून घे, नंतर भानगडी नकोत.’ आम्ही वकिलाकडे जाऊनही आलो होतो. वाईट हेतूने नव्हे, पण गेलो होतो. भाऊजींना यातलं काही सांगितलं नव्हतं. हे वाचल्यानंतरच्या आठवड्यात सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘मग माझी खोली कुणाची?’ हक्कसोडपत्राचा कागद फाडला.

कुणी म्हणेल, तुमचे भाऊजी बोलतात, चालतात, कमावतात, सगळ्यांचं तसं नसतं. खरं आहे. आमच्या मागच्या गल्लीत सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी आहे, सव्वीस वर्षांची. बोलत नाही, तिचं सगळं आई करते, आणि त्या आईची कंबर आता सरळ होत नाही. पण ती मुलगीही नको असेल तर डोळे मिटून घेते, हवं असेल तर दाराकडे बघते. पावसाळ्यात तिची खाट खिडकीशी लागते, कारण तिला रस्ता बघायचा असतो. तिच्या आईला हवीत दिवसाचे चार-पाच तास मदत करणारी, शिकलेली हक्काची माणसं. खाट माळावर नेल्याने आईची कंबर मोकळी होईल, पण मुलीला खिडकीतून काय दिसेल?

काळजी घेणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची, त्या १९९९ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘सहयोगी’ योजना आहे, पण आमच्या दारापर्यंत अशी शिकलेली बाई अजून आलेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्याने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला, त्याचं कौतुकही झालं. त्या विभागाने संकुलांच्या पायाभरणीआधी अशा मदतनिसांचा पगार आणि गल्लीतल्या भाड्याच्या घरात चार-पाच जणांना आधाराने राहता येईल अशी व्यवस्था बघावी. ‘होम अगेन’ हा उपक्रम मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे अडकलेल्या लोकांसाठी अशी घरं चालवतो, आपल्या रत्नागिरीतही. प्रश्न थोडा वेगळा, पण घर गावात असलं की काय होतं ते तिथे जाऊन बघता येईल.

मोठ्या संस्थांतले सगळे लोक वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण दाराआड घडलेलं बाहेर यायला वेळ लागतो. मी नवी नवरी असताना, १९९४ साली, शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या होत्या. पाळीच्या स्वच्छतेचं कारण दिलं होतं. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. पेपर हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते ते अजून आठवतं. ठरवणारे त्यांच्या भल्याचंच बोलत होते.

आपल्या पुरवणीतलं संकुलाचं चित्र मी भाऊजींना दाखवलं. आम्ही दोघं नसलो तर तुम्हाला कुठं राहायला आवडेल, असं सरळ विचारलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, हे लिहिताना लाज वाटते. त्यांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, ‘हितं टपरी कुठाय?’ नंतर म्हणाले, ‘मी हितंच राहणार. जिन्यात बल्ब लावा, रात्री दिसत नाही.’ बल्ब त्याच संध्याकाळी लावला. रात्री कुणी हाकेला हवं म्हणून खालच्या खोलीत भाडेकरू ठेवायचा विचार आहे. त्यावर भाऊजींची अट एवढीच, की भाडेकरू टीव्ही मोठ्याने लावणारा नसावा.

पालकत्वाच्या अर्जाची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. ‘सगळ्या बाबी’ खोडून तिथे ‘फक्त निवृत्तिवेतन आणि बँक, भाऊजींच्या संमतीने’ असं लिहिलंय. लिपिक म्हणाले, असं चालणार नाही. बघू. समितीसमोर भाऊजी स्वतः येणार आहेत. मारुतीच्या जत्रेला घेतलेला निळा शर्ट इस्त्रीला दिलाय. आत गेल्यावर समितीने पहिला प्रश्न मला न विचारता त्यांना विचारावा, आणि विचारताना ‘अहो’ म्हणावं, एवढं आपल्या पेपरातून त्यांच्या कानावर गेलं तर बरं होईल.

— एक वहिनी, मिरज
(नाव संपादकांना कळवले आहे)