ओरखडे मोजायला तज्ज्ञ कशाला?
संपादक महोदय,
घर विकत घेण्याआधी ते तपासून रिपोर्ट देणाऱ्या तज्ज्ञाने रंगाचे पोपडे, फरशीवरचे ओरखडे पण त्यात लिहावेत का? माझं मत, सरसकट नकोत. ४० पानांचा रिपोर्ट हातात आला की माणूस ओरखडेच मोजत बसतो आणि वायरिंगचं पान वाचायचंच राहतं (मीच केलंय हे). पण जे किरकोळ दिसतंय ते खरंच किरकोळ आहे का, हे सांगणं त्याचंच काम ना? प्लास्टरला केसासारखी बारीक चीर असली तर सोडा, पण तीच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाऊन रुंद होत असेल तर पाया खचतोय का बघावं लागतं, आणि छताला तेवढ्याच एका जागी ताजा रंग दिसला की तिथे मीटर लावून ओल तपासायलाच हवी. बाकीचे ओरखडे घेणाऱ्यालाही दिसतातच की.
– एक वाचक