मागच्या भिंतीचं काम मी ठरवलंय

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. दसऱ्यानंतरच्या सोमवारी रंगारी येतोय, त्याला आगाऊ पैसेही दिलेत. बाबा, रागावू नका. तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे. सहकारनगरचं हे घर आजवर तुम्हीच राखलंत. पण तुम्ही शिडीवर चढून मागची भिंत घासत होतात आणि बादलीत संडासाचं अ‍ॅसिड होतं, असं आई फोनवर सहज बोलून गेली, आणि मला रात्री झोप लागली नाही. काकाचं झालं तेव्हा शिडी एवढीच उंच होती.

ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. धडधाकट माणूसही गुदमरतो, तुम्हाला तर श्वासासाठी पंप लागतो. आई, ती अ‍ॅसिडची बाटली आजच उचलून ठेव.

भिंत उत्तरेची, वर आंब्याची सावली, पावसाळाभर ओल. काळं धरणारच. त्यावर ब्लीचचा थेंब टाकायचा. मिनिटा-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, नाही तर नुसता मळ, त्याला साबणाचं पाणी पुरतं. बुरशीला तीन भाग पाण्यात एक भाग ब्लीच. हे पाणी खालून वर लावायचं, म्हणजे ओघळांचे पट्टे उठत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांनी मऊ ब्रशनं घासून भरपूर पाण्यानं धुवायचं. तारेचा ब्रश नको, रंगच खरवडून निघतो. गजांखालचे तांबूस ओघळ गंजाचे आहेत, ते ब्लीचनं जात नाहीत, उलट पक्के होतात. पायथ्याची पांढरी भुकटी म्हणजे लोणा, तो कोरडाच झाडायचा. हे सगळं रंगाऱ्याला सांगितलंय. आणि धुऊन, पूर्ण वाळल्याशिवाय वरून रंग नाही. मागच्या वेळी तसाच मारला आणि पहिल्या पावसातच खालचं काळं वर आलं.

फाटकाला मात्र कोणी हात लावायचा नाही. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ साली लागू झाली. आपला निळा ऑइलपेंट त्याच्या कितीतरी आधीचा, त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासला तर धूळ नाकात जाते. शिवाय बाबा, खालच्या कोपऱ्यात माझ्या बोटाचा ठसा आहे. नंतर रॉकेलच्या बोळ्यानं बोट पुसताना तुम्ही सारखी फुंकर घालत होतात. तो ठसा राहू दे.

तुमची पेपरची खुर्ची पुढच्या व्हरांड्यातच राहील, काम सगळं मागे आहे. आई, धुणं त्या दिवशी गच्चीत टाक. तुळस आणि मोगरा रंगारी प्लास्टिकनं झाकेल, त्याआधी मातीला भरपूर पाणी घाल. दुपारी दोघांनी आत्याकडे जा. वास जाईपर्यंत तिथेच जेवा, तिथेच पडा. बाबांना बिनतिखटाची आमटी लागते हे तिला सांगितलंय.

टाकीचा पाइप भिंतीवर गळतो, तो बंद झाल्याशिवाय हे सगळं फुकट. म्हणून आदल्या दिवशी प्लंबर येईल. पैशांचं काढू नका, मला हे करू द्या. मला तिथे येता येत नाही, निदान एवढं तरी.

तुमची,
मनू

ता. क. आई, बाबा रंगाऱ्याची शिडी धरायला गेले तर मला लगेच फोन कर.