एकट्या माणसाला टेबल नाही

मा. संपादक,

कालच्या रविवार पुरवणीत गल्लीतल्या बारवर तुम्ही पानभर लेख छापलात, फोटोसकट. दोनदा वाचला. दुसऱ्यांदा बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, ती म्हणाली पेपरवाल्यांना पत्र लिहा नाहीतर दिवसभर माझं डोकं खाल, म्हणून लिहितोय.

लेखकाचं म्हणणं काय तर टॅक्स वाढले, पोरांच्या आवडी बदलल्या, म्हणून जुने परमिट रूम बंद पडत चाललेत, पण वाईट वाटून घेऊ नका कारण काही जाणत्या मालकांनी जुन्या बारचा आत्मा नव्या रूपात जपलाय. आणि पुरावा म्हणून जो फोटो टाकलाय, काळ्यापांढऱ्या लाद्या, स्टीलचे ग्लास, लाल निऑनमधे परमिट रूम लिहिलेलं, तो बार आमच्याच गल्लीतला आहे हो. नाव तुम्ही छापलंयच, मी परत लिहीत नाही, मालकाशी अजून नमस्कार-चमत्कार आहे. तर त्या आत्म्याबद्दल जरा सांगतो.

रिनोव्हेशन होऊन उघडला तेव्हा पहिल्याच शनिवारी गेलो. दारात काळ्या टीशर्टमधला पोरगा, हातात टॅब. किती जण काका? म्हटलं एकटाच. बुकिंग? म्हटलं बुकिंग कसलं बाबा, इथेच बसतो मी कंपनीत होतो तेव्हापासून. तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला सॉरी काका, वीकेंडला स्टॅग एन्ट्री नाही, कपल किंवा ग्रुप पाहिजे. स्टॅग म्हणजे एकटा पुरुष, म्हणजे मी. वय 64, गुडघ्याला पट्टा, पिशवीत अर्धा किलो भेंडी. बरं मी नियमाने चालणारा माणूस, 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा 5 रुपयांत मिळतो पण मी 1000 रुपये भरून आजन्म परवाना काढून ठेवलाय. इतक्या वर्षांत एकाही बारमधे कोणी बघायला मागितला नाही, त्या दिवशी मीच पाकिटातून काढून दाखवला. पोरगा उलटसुलट बघून म्हणाला, काका हे काय आहे, आधार नाहीये का?

मागे मालकाचा मुलगा उभा होता. हा लहानपणी गल्ल्यावर बापाच्या मांडीवर बसून सुट्टे मोजायचा. त्याने मोबाईलमधे जे डोकं घातलं ते मी निघेपर्यंत वर काढलं नाही.

जुन्या बारमधे किती जण हा प्रश्नच नव्हता हो. एकटा माणूस आला की अण्णा, म्हणजे आमचा वेटर, कुंदापूरकडचा, मानेने खूण करायचा, जिथे खुर्ची रिकामी तिथे बसा. एका टेबलाला चार अनोळखी माणसं, ज्याची त्याची क्वार्टर, ज्याचा त्याचा सोडा, फक्त शेंगदाण्याची बशी कोणाची ते कधी ठरलेलं नसायचं. बोलायचं तर बोला नाहीतर भिंतीकडे बघत बसा, कोणी विचारणार नाही. सेकंड शिफ्ट सुटली की उभं राहायला जागा नसायची. तेव्हा एलबीएस रोडला कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कंपन्याच कंपन्या होत्या, आता मॉल आणि टॉवर, त्यावरही कधीतरी पानभर रडा.

90 च्या दशकाच्या शेवटी आमच्या कंपनीने व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आणली. युनियनवाले एक सांगायचे, पर्सनलवाले दुसरं, आणि घरी अजून काही बोललोच नव्हतो. पत्र खिशात घेऊन बारमधे जाऊन बसलो. समोर एक चष्मेवाले गृहस्थ, दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीत अकाउंट्सला, मी ते पत्र चार वेळा काढून परत घडी घालतोय हे बघून म्हणाले, दाखवा. वाचलं, अण्णाकडून पेन घेतलं आणि बिलाच्या मागे हिशोब मांडला. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा पगार गुणिले 15 गुणिले वर्षं भागिले 26, हे मला तोपर्यंत एका माणसाने सांगितलं नव्हतं, युनियनच्या पुढाऱ्यानेसुद्धा नाही. कंपनीने महिन्याला 26 ऐवजी 30 दिवस धरले होते, तिथे बोट ठेवून म्हणाले, इथे मारलंय तुम्हाला. दुसऱ्या दिवशी ते बिल घेऊन पर्सनलला गेलो. साहेबाने बिलाची पुढची बाजू आधी वाचली, दोन लार्ज आणि एक मसाला पापड, मग मागची. आकडा सुधारून मिळाला. पीएफचे पैसे काढायचा फॉर्म 19 पण त्या गृहस्थांनीच नंतर भरून दिला, त्याच टेबलावर, त्यावर सोड्याचा डाग पडला तरी पास झाला. नाव मी कधी विचारलं नाही, त्यांनीही नाही. पुढे दिसेनासे झाले, त्यांचीही कंपनी गेली असणार.

आता त्या निऑनखाली हे कोण करणार सांगा. कपल? एकट्या माणसाला आतच घ्यायचं नाही म्हटल्यावर खिशात व्हीआरएसचं पत्र असलेला पण आत येत नाही आणि ते वाचू शकणारा पण येत नाही. तुमच्या लेखकाला आत्मा स्टीलच्या ग्लासात दिसला. ग्लास आमच्याकडे काचेचे होते, तेही पिवळे पडलेले. पाणी तेवढं स्टीलच्या जगमधून यायचं.

टॅक्सचं लिहिलंय ते खोटं नाही, पण अर्धवट लिहिलंय. परमिट रूमचा व्हॅट 2023 च्या नोव्हेंबरात 5 चा 10 टक्के केला, मग लायसन्स फी 15 टक्क्यांनी वाढली, मग जून 2025 मधे विदेशीची, म्हणजे इथेच बनणाऱ्या व्हिस्की-रमची, एक्साइज निर्मिती खर्चाच्या तिप्पट होती ती साडेचारपट केली, आणि 14 जुलैला मालकांनी राज्यभर बार बंद ठेवले, हे सगळं तुमच्याच पेपरात आलं होतं. विदेशीची क्वार्टर आता दुकानातच 205 च्या खाली नाही. पण त्या 10 टक्के व्हॅटची गंमत बघा, तो बारमधे बसून पिणाऱ्यालाच, वाइन शॉपमधून बाटली उचलून नेणाऱ्याला तो भरावा लागत नाही. म्हणजे सरकारचं म्हणणं काय, तर टेबलखुर्चीवर बसून पिऊ नका, बाहेर जाऊन प्या. लोक ऐकतात हो सरकारचं. गाडीत पितात, मैदानात पितात, आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीमागे प्यायचे, टेरेसला कुलूप घालावं लागलं. बारमधे निदान अण्णा होता. तिसऱ्यानंतर रिपीट सांगितलं की त्याला ऐकूच यायचं नाही, दुसऱ्या टेबलाकडे जायचा आणि येताना सरळ बडीशेप आणि बिल घेऊन यायचा, वर पोराची बारावी आहे ना साहेब असं हळूच. टाकीमागे बिल कोण आणणार?

आणि टॅक्स काय तो सगळ्या गिऱ्हाइकांना सारखाच की. दारातल्या पोराला स्टॅग म्हणायला अर्थमंत्र्यांनी नाही शिकवलं. हिशोब मलाही कळतो, एकटा म्हातारा एक क्वार्टर, दोन सोडे आणि चण्याच्या बशीवर दोन तास खुर्ची अडवणार, तिथे चार पोरं बसली तर बिल कुठल्या कुठे. धंदा आहे, करावा, पोटाला लागतंच. माझं म्हणणं एवढंच आहे की मग त्याला लाउंज म्हणा, क्लब म्हणा, आमचं नाव कशाला लावता? तुम्ही छापलेल्या फोटोत मागच्या भिंतीवर एक मोठी फ्रेम आहे बघा, जुन्या बारचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो. उजव्या कोपऱ्यात पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला पाठमोरा माणूस, तो मी आहे. बायकोने शर्ट ओळखला, तिनेच शिवून घेतला होता. म्हणजे मी भिंतीवर चालतो, खुर्चीवर चालत नाही.

लेखात एक ताई म्हणतात की जुन्या बारमधे बायकांना पाऊल टाकता यायचं नाही, आता टाकता येतं. खरंय, आमच्या फॅमिली रूममधे फॅमिली सोडून सगळं असायचं. आणि पगाराच्या दिवशी दाराशी उभ्या राहिलेल्या बायकाही मी पाह्यल्यात, आतून, मान खाली घालून, ते काही विसरलो नाही. बायकांनी यावं, शंभरदा यावं. पण त्यांना आत घ्यायला आम्हाला बाहेर काढावं लागतं हे कुठलं गणित? एकटी बाई गेली तर तिला तरी टेबल देतात का, तेवढं त्या ताईंना विचारून छापा.

आणि हो, गल्लीतल्या बारसाठी आत पानभर गळा काढायचा आणि त्याच दिवशी पहिल्या अख्ख्या पानावर टॉवरची जाहिरात, बेचाळिसाव्या मजल्यावर फक्त रहिवाशांसाठी स्काय लाउंज, हे कसं जमतं तुम्हाला? लेख जाहिरातवाल्यांना दाखवला होतात का आधी? आमच्या इथले असे दोन बार बिल्डिंगसकट रिडेव्हलपमेंटमधे गेले, खाली आता सॅम्पल फ्लॅटचं ऑफिस आहे. तिथे मात्र एकट्या माणसाला लगेच खुर्ची आणि थंड पाणी देतात.

शेवटचं, शब्दकोड्याबद्दल. ते पुरवणीतून काढून आठव्या पानावर कोपऱ्यात ढकललंत आणि चौकोन एवढे बारीक केलेत की पेनाचं टोक मावत नाही. बारमधे तुमचाच पेपर यायचा, ते कोडं आम्ही टेबलावरचे जे कोण असतील ते मिळून सोडवायचो, अण्णाला नद्यांची नावं पाठ होती, तुंगभद्रा त्यानेच सांगितली होती. आता घरी एकटा सोडवतो तर आकडे दिसत नाहीत आणि भिंग धरलं की नात हसते. त्यात गेल्या बुधवारी उभ्या शब्दांची उत्तरं छापायचीच राहिली. यावर मी आधीही पत्र पाठवलं होतं, तुम्ही त्यातला कौतुकाचा भाग तेवढा छापलात. यावेळी पत्र लांबलंय म्हणून कापायचं असेल तर वरून कापा, कोड्याचा मुद्दा राहू द्या.

आपला,
एक आजन्म परवानाधारक
भांडुप (पश्चिम)