दोन वेगळी तिकिटे एकच प्रवास म्हणून विकल्याबद्दल तक्रार

दिनांक : १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
तिकीट आरक्षण विभाग,
कॉलेज रोड शाखा, नाशिक

विषय : मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो प्रवासाची दोन स्वतंत्र तिकिटे एकच तिकीट असल्याचे सांगून विकल्याबाबत आणि झालेले नुकसान भरून मिळण्याबाबत.

महोदय,

१० मार्चच्या रात्री साडेदहा वाजता मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनवर काउंटरवरच्या मुलीने आमच्या बॅगेचा टॅग हातात धरून विचारले, "काका, तुमचा शेंगेन व्हिसा?" माझ्या यजमानांनी पासपोर्ट उघडून अमेरिकेचा व्हिसा दाखवला. ती म्हणाली, "हा नाही, जर्मनीचा. तुमच्या बॅगा फ्रँकफर्टपर्यंतच जातायत. पुढचं तिकीट वेगळं आहे, त्या एअरलाइनशी आमचा काही संबंध नाही. बॅगा तुम्हाला तिथे बाहेर जाऊन घ्याव्या लागतील आणि त्यासाठी व्हिसा लागेल." तिने टॅग आमच्यासमोर धरला. त्यावर 'एफआरए' एवढीच अक्षरे होती, शिकागोचा कुठे पत्ता नव्हता. त्या विमानात आम्हाला बसू दिले नाही.

मी निवृत्त शिक्षिका आहे. माझे यजमान नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. देशाचे पासपोर्ट जिथे छापले जातात तिथे या माणसाने नोकरी केली, आणि स्वतःच्या पासपोर्टवर पहिला शिक्का बसायला त्यांना वयाची ६७ वर्षे लागली. आमच्या एकुलत्या एका मुलीचे पहिले बाळंतपण होते. हे सांगते आहे ते सहानुभूतीसाठी नाही. असले ग्राहक समोर बसलेले असताना काय विचारायचे आणि काय सांगायचे, हे तुमच्या माणसाला ठाऊक असायला हवे होते म्हणून सांगते आहे.

८ जानेवारीला आम्ही तुमच्या शाखेत आलो तेव्हा मी घरून वहीत तीन प्रश्न लिहून आणले होते. तिकीट एकच असेल ना? बॅगा थेट शिकागोलाच मिळतील ना? मधल्या देशाचा व्हिसा लागतो का? मुलीनेच फोनवर सांगितले होते की, आई, दर कितीही असो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नकोस. मुंबईहून शिकागोला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावे लागणार, हेही आम्हाला माहीत होते. तुमच्या प्रतिनिधीने दोन पर्याय दाखवले. अबुधाबीमार्गे दोघांचे जाऊन-येऊन २,१८,००० रुपये आणि फ्रँकफर्टमार्गे १,९४,६०० रुपये. मी तिन्ही प्रश्न वाचून दाखवले. उत्तर मिळाले, "मॅडम, सगळं एकच आहे. एकाच पेजवर दिसतंय बघा. अमेरिकेचा व्हिसा आहे ना, मग बाकी काही लागत नाही." मी वहीत प्रत्येक प्रश्नापुढे टिक केली. ती वही आजही माझ्याकडे आहे.

पान एकच होते, हे खरे. बेरीज एकच, पैसेही एकदाच भरले, तुमच्याच ॲपवर. पण त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन वेगवेगळे पीएनआर, म्हणजे आरक्षण क्रमांक होते, दोन एअरलाइनचे. आमच्या बाबतीत पीएनआर दोन याचा अर्थ करार दोन, हे मला विमानतळावर कळले. पहिले विमान उशिरा पोचले तर दुसरी एअरलाइन थांबायला किंवा पुढच्या विमानात बसवायला बांधील नाही. बॅगा पुढे पाठवायला पहिली बांधील नाही. त्यातून पहिल्या तिकिटावर माणशी एकच बॅग होती, तुम्ही आम्हाला दोन-दोन सांगितल्या होत्या.

आता तुमच्या उत्तराविषयी. आमच्या १४ मार्चच्या मेलला तुम्ही तब्बल १९ दिवसांनी उत्तर दिले आणि त्यात एकच वाक्य दोनदा लिहिले : व्हिसा व प्रवासाची कागदपत्रे ही प्रवाशाची जबाबदारी आहे. मला ते मान्य आहे. म्हणूनच मी विचारले होते. पण मुद्दा नीट समजून घ्या. ज्याच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा आहे, त्या भारतीय प्रवाशाला फ्रँकफर्टला विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायला जर्मनीचा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. आमच्याकडे तो व्हिसा होता. तिकीट एक असते, बॅगा थेट गेल्या असत्या, तर आम्ही आतूनच चालत पुढच्या गेटवर गेलो असतो. बॅगा घ्यायला बाहेर पडायचे म्हणजे इमिग्रेशन ओलांडून जर्मनीत शिरायचे, आणि त्याला शेंगेन व्हिसा हवाच. म्हणजे ती गरज आमच्या प्रवासाने निर्माण केली नाही. तुम्ही दोन तिकिटे जोडली त्या जोडणीने निर्माण केली. जी गरज तुम्ही तयार केली, तिची जबाबदारी आमच्यावर कशी टाकता?

आणि समजा व्हिसा असता, तरी काय झाले असते? मध्ये वेळ दोन तास दहा मिनिटांचा. तेवढ्यात विमानातून उतरायचे, इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहायचे, पट्ट्यावरून चार बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर पडून दुसऱ्या एअरलाइनचा काउंटर शोधायचा, आणि तोही विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. यांच्या गुडघ्याचे दुखणे मी तुमच्या माणसाला सांगितले होते, व्हीलचेअरही त्यानेच नोंदवली होती. व्हीलचेअरची वाट बघण्यातच अर्धा तास जातो. ज्याने एकदा तरी हा प्रवास केला आहे, त्याने असे तिकीट कुणाला विकले नसते.

त्या रात्रीचे थोडे सांगते. आम्ही दुपारी चारला इंदिरानगरहून निघालो होतो. कसारा घाटात ट्रकांमुळे पाऊण तास गेला, तरी वेळेच्या कितीतरी आधी पोचलो. काउंटरवरून परत फिरवल्यावर आम्ही त्या मोठ्या खांबांखाली बॅगांवर बसलो. तिकडे शिकागोत दुपारचे बारा वाजले होते. आठ महिने पूर्ण झालेली माझी मुलगी लॅपटॉप घेऊन तिकिटे शोधत होती आणि मधेमधे मलाच धीर देत होती. एक बॅग उघडून मी वरची गोधडी काढून यांच्या गुडघ्यांवर टाकली. बाळासाठी माझ्याच जुन्या सुती साड्यांची शिवली होती, दोन महिने टाके घालत होते. ती विमानतळाच्या फरशीवर पसरायची वेळ येईल असे वाटले नव्हते. तुमच्या २४ तासांच्या हेल्पलाइनला सात वेळा फोन लावला. चार वेळा कट झाला, तीन वेळा "सकाळी शाखेशी बोला" असे सांगितले. सकाळी शाखेतल्या प्रतिनिधीने फोन उचलला आणि म्हणाला, "मॅडम, सिस्टीमच तसे कॉम्बिनेशन दाखवते, आम्ही काय करणार?"

शेवटी मुलीने अबुधाबीमार्गे एकाच पीएनआरवर तिकीट काढले. १२ तारखेच्या पहाटे निघालो. तोवर हॉटेलमध्ये. त्या प्रवासात बॅगेच्या टॅगवर पहिल्यांदा शिकागोचा कोड बघितला तेव्हा यांनी काउंटरवरच्या मुलाचे दोनदा आभार मानले. एरवी तिकीट एक असले तरी अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशन आणि कस्टम करावे लागते. पण अबुधाबीला अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम तिथेच उरकते, त्यामुळे शिकागोला उतरल्यावर आम्ही गावातल्या गावात आल्यासारखे सरळ बॅगांकडे गेलो. पहिल्यांदा एवढ्या लांब जाणाऱ्या, इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांसाठी ही केवढी मोठी सोय आहे! हा पर्याय ८ जानेवारीला तुमच्याच स्क्रीनवर होता. २३,४०० रुपये वाचवून देतो असे सांगून तुम्ही आम्हाला त्यापासून दूर नेले. नुसते सांगितले असते की यात दोन तिकिटे आहेत, तर मी ते २३,४०० रुपये तिथल्या तिथे भरले असते.

आता हिशेब. पहिला टप्पा वापरला नाही म्हणून दोन्ही एअरलाइननी आमचे परतीचे भागही रद्द केले. १,९४,६०० रुपयांपैकी कर म्हणून ११,२०० रुपये परत मिळाले. नव्या जाऊन-येऊन तिकिटांना २,४६,००० रुपये लागले. हॉटेल आणि टॅक्सी मिळून ९,८०० रुपये. सगळे धरून आमचा खर्च ४,३९,२०० रुपये झाला. जे तिकीट आम्ही योग्य माहिती मिळाल्यावर घेतले असते त्याचे २,१८,००० रुपये मी स्वतःच त्यातून वजा करते. उरलेले २,२१,२०० रुपये तुमच्या चुकीचे आहेत, तेवढेच मागते आहे. सर्व पावत्या, दोन्ही पीएनआर असलेले पान, टॅगचा फोटो, कॉलची यादी आणि वहीच्या त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. तुम्ही १ एप्रिलनंतर देऊ केलेले ५,००० रुपयांचे व्हाउचर मला नको. तुमच्याकडून पुन्हा तिकीट काढायचे म्हणजे मला रात्रीची झोप लागणार नाही.

पैशाखेरीज एक मागणी आहे आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. जिथे पीएनआर एकापेक्षा जास्त असतील, तिथे ॲपवर पैसे भरण्याच्या बटणाच्या वर, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत लिहा : ही दोन वेगळी तिकिटे आहेत, बॅगा मध्ये उतरवून घ्याव्या लागतील, त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. नाशिकमधून दरवर्षी मुलांकडे जाणारी आमच्यासारखी कितीतरी आईवडील मंडळी तुमच्या शाखेत येऊन बसतात. मी स्वतः शाखेत बसलेली असताना माझ्या शेजारच्या खुर्चीवर मेलबर्नला निघालेल्या एक आजी होत्या. त्यांच्या हातातही असाच एक कागद होता.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे तुमच्यावर बंधनकारक आहे. माझ्या मार्चच्या तक्रारीत यातले काहीच झाले नाही. या पत्रापासून ३० दिवसांत वरील रक्कम मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल नाशिक जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, ती आधीच नोंदवली आहे.

उत्तर लेखी आणि मराठीत द्यावे. फोन करू नये.

आपली,
एक ग्राहक
इंदिरानगर, नाशिक