वाफसा शाळेचं टाईमटेबल बघून येत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

शाळेत मुलांना शेती आणि पशुपालन प्रत्यक्ष शिकवलं पाहिजे असं आता बरेच जण म्हणतात आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, पण ते बसवायचं कसं यावर फारसं कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. मी बरीच वर्षं हा विषय शिकवला, शाळा बदलल्या, मुलं बदलली, पण एक अडचण सगळीकडे तीच होती. शेतीला आठवड्यातून एकदा दोन तासांचा जोडपिरियड दिलेला असतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की तो बहुतेक वाया जातो. तेच दोन तास रोज वीस-वीस मिनिटं असे वाटून द्या, एवढंच माझं मागणं आहे.

कारण सांगते. पुस्तकात वाफसा एका ओळीत असतो, जमिनीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची अवस्था, मुलं पाठ करतात आणि मार्क घेतात. पण वाफसा कळतो तो हाताला. वितभर खालची माती मुठीत दाबायची, गोळा होतो का बघायचं, मग अंगठ्याने हलकं दाबलं की तो फुटतो का बघायचं. फुटला नाही, बोटांना चिकटला, तर अजून थांबा. गोळाच होत नसेल तर उशीर झाला. हलक्या जमिनीत वाफसा लवकर येतो, भारी जमिनीत दिवसच्या दिवस वाट बघावी लागते, आणि पाऊस मंगळवारी पडला नि आपला पिरियड पुढच्या सोमवारी असला तर मुलांना एकतर चिखल बघायला मिळतो नाहीतर ढेकळं, मधली ती अवस्था त्यांनी कधी हातात घेतलेलीच नसते. रोज मूठभर माती दाबणारं मूल आठ दिवसात सांगायला लागतं, बाई आज नको, उद्या पेरू.

बियाण्याचंही तसंच आहे. शंभर बिया मोजून ओल्या कापडात गुंडाळल्या आणि रोज उघडून बघितल्या तर मुलांना कोंब कुठून निघतो, मूळ आधी येतं की पान, बुरशी कुठल्या बीवर धरते हे सगळं दिसतं, आणि त्र्याहत्तर उगवल्या की उगवणशक्ती ७३ टक्के हे गणित कोणी फळ्यावर शिकवावं लागत नाही. आठवड्याने उघडलं तर आत वास मारणारा गुंता असतो, काय आधी झालं काय नंतर ते कळायचा मार्गच नाही.

जनावरांच्या बाबतीत तर आठवड्याचा पिरियड ही कल्पनाच चुकीची आहे, कारण जनावर रोज खातं. एका शाळेत आम्ही कोंबडीची एक दिवसाची पिल्लं आणली होती. पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये, म्हणजे दिवा लावून पिल्लांना ऊब देतात त्या जागेत, साधारण ३५ अंश ठेवायचं आणि मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं, हे मुलांनी शिकून घेतलं, पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघून ती जास्त शिकली. सगळी दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली की थंडी वाजतेय, लांब कडेला जाऊन चोच उघडी टाकून बसली की उकडतंय, सगळीकडे पसरून खातायत म्हणजे बरोबर आहे, एकाच बाजूला गेली म्हणजे दुसऱ्या बाजूने वारं लागतंय. हे मुलं बघता बघता शिकली. मग जोडून सुट्टी आली, सुट्टीत शाळा उघडायला परवानगी मिळाली नाही, रात्री लाईट गेली आणि परत आलो तेव्हा अर्ध्याहून जास्त पिल्लं मेलेली होती. ती मुलं तिथे उभी होती ते मी अजून विसरले नाही. त्यांचा काहीच दोष नव्हता, त्यांना येऊ दिलं असतं तर ती आली असती. आपण जिवंत गोष्ट त्यांच्या हातात दिली आणि तिच्यासाठी लागणारा वेळ मात्र दिला नाही.

गाय-शेळी शाळेत ठेवणं सगळ्यांना जमणार नाही, पण जवळच्या गोठ्यात नियमित जाता येतं, आणि नियमित हा शब्द महत्त्वाचा. पहिल्यांदा मुलं जातात तेव्हा तिथे गोंधळ करतात, जनावर बुजतं, पान्हा चोरतं, म्हणजे दूध कासेत रोखून धरतं. चौथ्या पाचव्या वेळी ती स्वतःहून हळू बोलायला लागतात कारण त्यांना कळलेलं असतं की कास धुवून चोळल्यावर मिनिटभरात पान्हा सुटतो, तो पाच-सात मिनिटंच टिकतो आणि घाबरलेली गाय तो रोखून धरते. हार्मोन हा धडा नंतर शिकवला तर तो लगेच डोक्यात बसतो. तीच गोष्ट चिकाची, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधाची. वासराला आईच्या पोटात असताना तिच्या रक्तातून रोगाशी लढणारी प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती चिकातून मिळतात, आणि वासराच्या आतड्यातून ती रक्तात जायची वाट साधारण चोवीस तासात बंद होते म्हणून पहिल्या दोन तासात चीक पाजायचा, पहिल्या दिवसभरात वजनाच्या एक दशांश इतका, ३० किलोच्या वासराला तीन लिटर. यात जीवशास्त्र आहे, गणित आहे, आणि घाई कशासाठी करायची हेही आहे.

मला एका मुलाची आठवण आहे, वर्गात तो कधी तोंड उघडायचा नाही, शिक्षक लोक त्याला ढ म्हणायचे. गोठ्यात गेल्यावर त्याने लांबूनच एक शेळी दाखवली, बाई ही आजारी आहे. मला काही दिसत नव्हतं. तो म्हणाला, बाकीच्या बसून रवंथ करतायत, ही करत नाहीये, कान खाली आहेत आणि कळपापासून लांब उभी आहे. ताप मोजला तर खरंच होता. त्या दिवसापासून वर्गातली मुलं त्याला विचारायला लागली, आणि हो, तो गणितातही हळूहळू बोलायला लागला.

इतर विषयांचा वेळ जाईल असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींच्या विचारातून जी शिक्षणयोजना पुढे आली तिच्यात हातकाम हा बाजूचा विषय नव्हताच, बाकीचे विषय त्यातून शिकवायचे होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, मग शाळेच्या छपरावर किती पडलं ते काढा. दुधाची घनता मोजायचं लॅक्टोमीटर घ्या, दुधात पाणी घातलं की रीडिंग खाली येतं, साय काढली की वर जातं, म्हणजे दोन्ही केलं तर रीडिंग बरोबर दिसू शकतं, घनता यापेक्षा चांगली कशी शिकवणार? आनुवंशिकतेच्या धड्यातलं मेंडेलचं तीनास एक हे गुणोत्तर सगळे घोकतात, पण त्याने १८५६ ते १८६३ वाटाण्याची झाडं सांभाळली आणि ५४७४ गोल नि १८५० सुरकुतलेल्या बिया मोजल्या तेव्हा ते गुणोत्तर निघालं, हे ज्या मुलाने स्वतः एक वाफा सांभाळलाय त्यालाच खऱ्या अर्थाने कळतं.

आणि एक आक्षेप मला गंभीर वाटतो, मुलांकडून काम करून घेण्याचा. तो बरोबर आहे. शिक्षा म्हणून खुरपं हातात देणं, शाळेच्या उत्पन्नासाठी मुलांना राबवणं हे शिक्षण नाही, ते थांबलंच पाहिजे. माझी कसोटी साधी होती, काम संपल्यावर मुलाला ते का केलं हे सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर ती मजुरी झाली. कीटकनाशक मुलांच्या हातात कधीही नाही, रिकामा डबासुद्धा नाही. जनावराला हात लावला की साबणाने हात धुवायचेच कारण गजकर्णासारखे रोग वासरापासून मुलांना होतात, न तापवलेलं दूध प्यायचं नाही, धनुर्वाताची लस झालेली आहे ना ते आधी बघायचं.

मार्कांसाठी शेवटी लेखी परीक्षा घेऊ नका, रोजची वही बघा. आज काय दिसलं, काय केलं, उद्या काय बघायचं, तीन ओळी पुरतात. पीक गेलं तरी वही नीट असेल तर पूर्ण मार्क द्यावेत, कारण शेतीत पीक जातं आणि का गेलं हे लिहिता येणं हेही शिकणंच आहे.

ज्या शाळांना सुट्टीची व्यवस्था करता येत नाही, म्हणजे कोण येणार, किल्ली कोणाकडे, लाईट गेली तर काय हे ठरलेलं नाही, त्यांनी जनावरं आणू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांनी गांडूळखताचा एक खड्डा आणि चार वाफे घ्यावेत. गांडुळं ओल आणि सावली असली की चार दिवस थांबतात, पिल्लं थांबत नाहीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका