नव्या टायरची हवा कोण बघणार?

महोदय,
ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की आमच्या वाळवा तालुक्यात टायरच्या दुकानांपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. मागची जोडी बदलायची म्हणजे मोठा खर्च. त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढणारेही आहेत. टायर बसला की दुकानदार बिल हातात देतो आणि मोकळा होतो. चाकाचे नट पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळायचे असतात, हे सांगायला कुणाला सवड नसते.

हवेचं तर विचारूच नका. आमच्याकडे अजून टायरला लाथ मारून हवा जोखतात! 13.6-28 मापाच्या मागच्या टायरला नांगरटीसाठी साधारण 12 ते 14 पौंड हवा पुरते. उसाच्या ट्रॉल्या ओढायला जास्त लागते; किती, ते कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. रस्त्यासाठी भरलेल्या जास्त हवेवर नांगरट केली की चाक घसरतं, टायरचे दात झिजतात, डिझेल जळतं आणि जमीन दबते ती वेगळीच. उलट कमी हवेवर भरल्या ट्रॉल्या ओढल्या की टायर बाजूने चिरतो. वजनासाठी टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणूनच हवा मोजावी, नाहीतर मापकात पाणी शिरतं.

साखर कारखान्यांनी वजनकाट्याजवळ चालू मापकासह कॉम्प्रेसर ठेवावा, एवढीच मागणी. ट्रॅक्टर तिथे तासन्‌तास उभेच असतात.

– एक ट्रॅक्टरमालक, ता. वाळवा, जि. सांगली