सहाशे फूट

परळ, मुंबई
रविवार सकाळ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर बोलत होतीस तेव्हा मी नुसतं ‘हं, हं’ करत होतो. स्पीकर चालू होता आणि आई शेजारी बसली होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “एवढ्याशा गोष्टीवरून पोरीला चारचौघांत बोलली ती बाई. आपलं माणूस नाही ना तिथे अमेरिकेत कुणी.” मी तिच्याशीही काही बोललो नाही. रात्री झोप लागेना, म्हणून आज लिहायला बसलोय. मोबाईलवर एवढं टाइप करणं मला जमत नाही. कागदावर लिहून फोटो पाठवतो, अक्षर लावून घे.

आधीच सांगून टाकतो, मी त्या बाईंच्या बाजूचा आहे.

मला जे समजलं ते असं. विमानातून छत्री घेऊन मारलेली तुझी एक्केचाळिसावी उडी. तुम्ही चौघं हवेत हात धरून कडं करणार होतात, एकाचा हात सुटला, तो पकडायला तू गेलीस आणि मनगटावरच्या, उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरकडे बघायला उशीर झाला. छत्री उघडली 2,400 फुटांवर. तुझं लायसन्स ‘ए’, म्हणजे पहिल्या पायरीचं. त्याला 3,000 फुटांच्या खाली उघडायची परवानगी नाही. खाली आल्यावर त्या सेफ्टीच्या बाईंनी हँगरमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, आज-उद्या विमानात बसायचं नाही. तू म्हणालीस, “बाबा, फक्त सहाशे फूट. आणि एएडी होतंच ना.” एएडी म्हणजे वेळ आली तर राखीव छत्री आपोआप उघडणारी ती डबी.

या दोन वाक्यांनी माझी झोप उडवली.

पहिल्या वाक्याचा हिशेब मी कॅलेंडरच्या मागे केला. तू पडत असतेस ताशी 195 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला 54 मीटर. सहाशे फूट म्हणजे 183 मीटर. साडेतीन सेकंदही नाहीत. आता मला सांग, साडेतीन सेकंदांत तुझ्या हातून काय काय होतं? छत्री नीट उघडली का ते बघायचं, नसेल तर मेन, म्हणजे मुख्य छत्री, कापून टाकायची, मग रिझर्व्हची, म्हणजे राखीव छत्रीची, मूठ ओढायची. तूच मला शिकवलं होतंस की ‘ए’ लायसन्सवाल्याने हा निर्णय 2,500 फुटांच्या खाली जायच्या आत घ्यायचा. म्हणजे ज्या उंचीवर ‘चाललं की बिघडलं’ हे ठरवून झालेलं असायला हवं, ती गेल्यावर तू उघडायला हात घातलास. उघडायलाच वर काही शे फूट जातात, ते वेगळेच.

आता दुसरं वाक्य. एएडी.

दिवाळीत तू आलीस तेव्हा गच्चीवर ती छत्र्या-पट्ट्यांची सगळी रिग पसरली होतीस, आठवतं? वाळवणाच्या चादरी गुंडाळून आईने जागा करून दिली होती. अर्धी चाळ वर जमली. खालच्या आजींनी कापड चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाल्या, “परकराला बरं आहे.” तुझ्या आईने शीतल महाजनांची बातमी काढली. पुण्याची मुलगी, पद्मश्री, 2018 साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली तिने. सगळ्यांनी नऊवारीचं कौतुक केलं. आईचा प्रश्न एकच होता, पट्टे नऊवारीच्या वरून बांधले की आतून? बरोबर प्रश्न होता तो. 

तू मला खांद्यावरच्या त्या तीन कड्या दाखवल्यास, एकीत एक अडकवलेल्या. उलटीसुलटी झालेली मेन छत्री वाऱ्याने कितीही जोरात खेचत असली, तरी शेवटच्या बारीक दोऱ्यावर जेमतेम भार येतो आणि एका झटक्यात सगळं सुटतं. माझ्यासारख्या कपलिंग आणि बफर बघण्यात जन्म गेलेल्या माणसाला ते फार आवडलं. रिझर्व्हच्या पिनेवर लाल दोरा होता आणि शिशाचं सील, मालगाडीच्या वॅगनच्या दाराला असायचं तसं. मेन छत्रीची घडी तू स्वतः घालतेस, पण रिझर्व्हला सरकारमान्य रिगरच, म्हणजे छत्र्या तपासून घडी घालणारा माणूसच, हात लावतो, दर 180 दिवसांनी, हा तिथला कायदा. आणि मग तू एएडीची ती छोटी डबी दाखवलीस. माणूस बेशुद्ध पडला, गोंधळला, उंची विसरला, तर 750 फुटांवर ती रिझर्व्हची दोरी आपोआप कापते.

750 फूट म्हणजे 229 मीटर. बारा डब्यांची लोकल याहून लांब असते. तुझ्या वेगात ते अंतर सव्वाचार सेकंदांत संपतं.

मी तेव्हाच म्हटलं होतं, हा तर आमचा डेडमॅन. कंट्रोलरची मूठ गाडी चालू असेपर्यंत दाबून धरायची. मोटरमनला काही झालं आणि हात सुटला की ब्रेक लागतो. इतकी वर्षं गाडी चालवली, पण ‘डेडमॅन आहेच, थांबवेल गाडी’ असं म्हणून मी कधी प्लॅटफॉर्मवर आलो नाही. ज्या दिवशी त्याचं काम पडेल त्या दिवशी मी मोटरमन नसतो, मढं असतो. तू शुद्धीत होतीस, मनू. शुद्धीतल्या माणसाने एएडीचं नाव काढायचं नाही.

कड्यांची ती रचना ज्याने केली त्या बिल बूथचाच एक नियम तूच हसत सांगितला होतास. साधनं जितकी सुरक्षित होतात तितकी माणसं जास्त धोका पत्करतात, आणि मरणाऱ्यांचा हिशेब होता तिथेच राहतो. तू हसलीस, मीही हसलो. पण मला त्यातलं हसू तेव्हाही पुरतं आलं नव्हतं. का ते आज सांगतो. आईलाही हे माहीत नाही, तिने वाचलं तर वाचू दे.

तू पहिलीत होतीस. पावसाळा, रात्रीची शेवटून दुसरी फेरी. आमच्या केबिनमध्ये एक यंत्रणा असते, एडब्ल्यूएस. सिग्नल पिवळा असेल तर आवाज होतो आणि काही सेकंदांत बटण दाबून ‘कळलं’ म्हणायचं. नाही दाबलं तर ब्रेक आपोआप. माणसाला जागं ठेवायला केलेली ती योजना. पण दिवसातून इतक्या वेळा तो आवाज होतो की पुढे पुढे कान ऐकतो आणि हात दाबतो, मध्ये डोकं येतच नाही. त्या रात्री आवाज झाला, मी दाबलं, आणि पिवळा सिग्नल मी बघितलाच नाही. त्या जागी रोज हिरवा मिळायचा, म्हणून माझ्या डोळ्यांनी हिरवाच धरला. पुढचा लाल दिसला तेव्हा इमर्जन्सी ब्रेक मारला. सिग्नलच्या अलीकडे जेमतेम एक डबा अंतर ठेवून गाडी थांबली. डब्यांत माणसं एकमेकांवर आदळली असतील, दोन शिव्या पडल्या असतील. मुंबईकर काय, तेवढ्यावर विसरतो.

गार्डने विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही, रुळांवर पाणी. ड्युटी संपल्यावर लॉबीत चहा घेताना मात्र त्याला खरं सांगितलं. वाटलं पाठीवर हात ठेवेल. तो म्हणाला, “उद्या साहेबांकडे जाऊन तू सांग. नाहीतर मी सांगेन.” सिग्नल ओलांडला नव्हता, कुणाला खरचटलं नव्हतं, कागदावर काहीच घडलेलं नव्हतं. मी सांगितलं नाही. त्याने सांगितलं. मला गाडीवरून उतरवून पुन्हा ट्रेनिंगला पाठवलं, वर सगळ्या लॉबीत चर्चा. सहा महिने मी त्या माणसाशी बोललो नाही. समोरून आला तर जिना बदलायचो.

दर मे महिन्यात आपल्याकडे ओल्या काजूगरांची पिशवी घेऊन येतात ना, ज्यांना तू लहानपणी काजूकाका म्हणायचीस? तेच ते.

ट्रेनिंगमध्ये मला नवीन काहीच शिकवलं नाही कुणी. सगळं येतच होतं. फक्त परत गाडीवर चढलो तेव्हा आवाज झाला की मी आधी तोंडाने मोठ्याने ‘पिवळा’ म्हणायचो आणि मगच बटण दाबायचो. केबिनमध्ये एकटाच, वेड्यासारखा. निवृत्तीच्या दिवसापर्यंत म्हणत होतो.

म्हणून तुझ्या पहिल्या उडीला मी घाबरलो नाही, खरं सांगतो. पहिल्या पंचवीस उड्यांत माणूस घाबरलेलाच असतो, दर दहा सेकंदांनी मनगट बघतो, दोनदा पट्टे चाचपतो. मी आता घाबरतो, कारण आता तुझ्या हाताला सवय व्हायला लागली आहे.

तू मला आकडे सांगतेस. 2023 साली अमेरिकेत साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली. आणि मुंबईत लोकलच्या रुळांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त. ते मला सांगू नकोस. त्या दोन हजारांतली काही माझ्या गाडीखाली आली आहेत. इथे त्याहून जास्त लिहीत नाही. पण तुझ्या त्या दहांबद्दलही तूच सांगितलं होतंस की अशा अपघातांत बऱ्याच जणांच्या डोक्यावर धडधाकट उघडलेली छत्री असते. जमिनीजवळ येऊन जोरात वळण घ्यायला जातात, नाहीतर छत्री पेलवण्यापेक्षा लहान असते. यावरून आठवलं. 190 चौरस फुटांची छत्री विकून 135 ची घ्यायचं तुझ्या मनात आहे. सामानासकट तुझं वजन 69 किलो, म्हणजे 152 पौंड. प्रत्येक चौरस फुटाला एक पौंडाच्या वर जाऊ नये, असं तुमची पॅराशूट असोसिएशन ‘ए’ लायसन्सवाल्यांना सांगते. भागाकार मी करत नाही, तू इंजिनियर आहेस. छत्री स्वस्तात मिळतेय हे कारण चालणार नाही. आपण स्वस्तात मिळाले म्हणून कधी एक नंबर लहान बूट घेतलेत का?

त्या बाईंबद्दल तू म्हणालीस, “स्वतःला पोलीस समजते.” अगं, पोलिसाला पगार असतो. त्या सेफ्टी सल्लागाराला संघटना छदाम देत नाही, हेही मला तुझ्याकडूनच कळलं. आमच्या रेल्वेत अपघाताची चौकशी करणारे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ज्याला विचारायचं त्याच्याच ताटात जेवू नये, म्हणून केलेली सोय. तुमच्याकडे ती सोय नाही. तिथे एकाच हँगरमध्ये सगळे, एकाच टेबलावर जेवणार, रात्री एकाच शेकोटीभोवती बसणार. वारा वाढला की दिवसभर वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉककडे बघत पत्ते खेळणार. शंभरावी उडी झाली की तोंडावर केक फासणार, कुणी काही पहिल्यांदा केलं की त्याच्याकडून बिअर उकळणार. अशा ठिकाणी शनिवारी एका लाडक्या पोरीला ‘खाली बस’ म्हणायचं आणि रात्री तिच्याच शेजारी जेवायला बसायचं. सोपं वाटतं का तुला? न बोलणं किती सोपं होतं. आपले काजूकाकाही गप्प बसू शकले असते.

तू दोन-चार वर्षांत परत येऊन इथेच काहीतरी सुरू करायचं म्हणतेस. सरकारचं 2022 चं हवाई क्रीडा धोरण मीही चाळलं, पॅराशूटिंग आहे त्यात. जरूर ये. पण तेव्हा विमानाच्या दाराशी तू उभी असशील. पैसे भरून, सुट्टी काढून आलेला एखादा पोरगा पट्टा सैल ठेवून म्हणेल, “ताई, काही होत नाही.” त्याच्याशी तुला वाईट व्हावं लागेल.

बाकी ठीक. आईचा गुडघा जरा बरा आहे. मागच्या दिवाळीत तुझ्या रिझर्व्हच्या कार्डावर 22 सप्टेंबर ही तारीख मी वाचली होती. 180 दिवस 21 मार्चला भरतात. कालनिर्णयवर लाल गोल करून ठेवलाय. रिगरला आत्ताच फोन कर, शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडे गर्दी असणार.

पार्सल मंगळवारी टाकतोय. त्यात भाजणीच्या चकलीचे दोन डबे आहेत. निळ्या झाकणाचा तुझा. हिरव्या झाकणाचा त्या बाईंना नेऊन दे, तुझ्या हाताने, सगळ्यांसमोर. आईला आधी पटलं नव्हतं. मग तिनेच विचारलं की त्यांना तिखट चालतं का, म्हणून हिरव्यातली जरा सौम्य आहे. बिअरबरोबर चांगली लागते, हे मात्र मी सांगतोय, आई नाही.

हिरवा डबा वाटेत फोडू नकोस.

तुझा,
बाबा